‘लाइफटाइम फ्री’ लिहिलेलं बिल आधी झेरॉक्स करा

प्रश्न : मी सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मागच्या नाही, त्याच्या आदल्या दसऱ्याला परभणीच्या एका दुकानातून १२८ जीबीचा मोबाइल घेतला. मला २५६ चा हवा होता, पण तो संपला होता. दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, टेन्शन घेऊच नका, फोटो क्लाउडवर जातेत, ते आयुष्यभर फुकट हाय.” मी म्हटलं, लिहून दे. त्याने बिलावर पेनाने ‘क्लाउड लाइफटाइम फ्री’ असं लिहून दिलं. मग फोन चालू करून देताना “एवढा पिन टाका” म्हणाला, मी टाकला. या मार्चमध्ये बँकेत पासबुक छापून घेतलं तेव्हा कळलं की जानेवारीपासूनच्या पंधरा महिन्यांत दर महिन्याला १४९ रुपये कापले गेले आहेत. भाच्याने अर्धा तास खटपट करून ते बंद केलं. आता कंपनीचा ईमेल आलाय : जागा मर्यादेपेक्षा जास्त भरली आहे, ३० दिवसांत पैसे भरा किंवा फायली कमी करा, नाहीतर आम्ही काढून टाकू. त्यात वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो आहेत, सासऱ्यांच्या वाटणीपत्राची पानं आहेत. कंपनी असं अडवू शकते का? पैसे परत मिळतील का? आणि १२८ मधले वीसेक जीबी तर पहिल्याच दिवशी भरलेले दिसत होते, ही फसवणूक नाही का? ईमेल येऊन बारा दिवस झालेत.

उत्तर : ताई, आधी फोटो, मग फिर्याद. कायद्याचं बोलायच्या आधी हे एक काम करा, कारण तुमच्याकडे पंधरवडाच उरला आहे आणि पंधरा दिवसांत कोणतंही आयोग तुमच्यासाठी धावून येईल या भरवशावर मी तुम्हाला बसवणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगाला अंतरिम आदेश देण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ खाली आहे, हे खरं. पण तक्रार दाखल होणार, ती दाखल करून घ्यायची की नाही यावर सुनावणी होणार, मग नोटीस निघणार. तोवर फायली गेल्या तर हातात कागदी आदेश उरेल आणि वडील त्यात नसतील.

बहुतेक क्लाउड कंपन्या सगळा साठा एकदम उतरवून घ्यायची सोय देतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. भाच्याला हाताशी घ्या, चांगल्या कंपनीची बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि कॉम्प्युटरवर उतरवा, फोनवर नको. वाटणीपत्राची पानं वेगळ्या पेनड्राइव्हवरही ठेवा. एक धोका मात्र लक्षात ठेवा. फोनमधून फोटो पुसला की सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप सारखे ठेवायची सोय, चालू असल्यामुळे तो क्लाउडवरूनही जातो. जागा मोकळी करायच्या घाईत असं केलेले दोन पक्षकार माझ्याकडे येऊन गेलेत. दोघांचंही मी काही करू शकलो नाही. म्हणून उतरवलेल्या फायली उघडून बघितल्याशिवाय कुठूनही काहीही पुसू नका. आणि उतरवण्याआधी कंपनीचा तो ईमेल, भरलेल्या जागेचा आकडा आणि आधीच्या वर्गणीचं पान, या तिन्हींचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

आता ‘अडवू शकते का’ हा प्रश्न. तुम्हाला आवडणार नाही, पण मर्यादा घालणं आणि त्यापुढच्या जागेचे पैसे मागणं बेकायदेशीर नाही. फुकट किती द्यायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. ॲपल २०११ पासून ५ जीबीच फुकट देत आलं आहे. गुगलचे १५ जीबी ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत, आणि फोटोंना एकेकाळी असलेली अमर्याद सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हाही पुष्कळांना राग आला होता. राग रास्त होता, खटला होण्यासारखा नव्हता.

इथे ग्राहक कायद्यातली एक बारीक गोष्ट तुमच्या आड येते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाची जी व्याख्या आहे, कलम २(४२), तिच्यातून मोफत दिलेली सेवा वगळलेली आहे. म्हणजे निव्वळ फुकटच्या जागेबद्दल तक्रार घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की या बाई ग्राहकच नाहीत. सुदैवाने, सुदैव म्हणावं का कोण जाणे, तुमचे पंधरा महिने पैसे कापले गेले आहेत. त्या काळापुरत्या तुम्ही नक्की ग्राहक आहात. शिवाय ‘फुकट’ हा शब्द फोनच्या किमतीला जोडून बोलला गेला. तुम्ही फोन घेतला तो त्या शब्दावर. त्यामुळे ती सेवा फोनच्या किमतीतच आली, असा युक्तिवाद मी तुमच्या बाजूने करीन, आणि तो टिकण्यासारखा आहे.

मोंढ्यातल्या वखारीचं उदाहरण मनात येतं, तूर ठेवली आणि वखारवाला परत देईना तर काय? पण तेही तुमच्या फार कामाचं नाही. एक तर दुसऱ्याचा माल सांभाळायला घेण्याचा तो कायदा जंगम मालाचा आहे, फोटोच्या फायलीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. दुसरं, भाडं थकलं तर माल अडवून धरायचा हक्क वखारवाल्यालाही असतो. फोटोंवरचा कॉपीराइट मात्र काढणाऱ्याचाच राहतो, क्लाउडवर ठेवले म्हणून कंपनी त्यांची मालक होत नाही. आधी सूचना न देता किंवा उतरवून घ्यायला वाव न देता फायली पुसल्या असत्या तर सेवेतली त्रुटी म्हणून आपण भांडलो असतो. इथे ३० दिवसांची सूचना आहे. ती अपुरी आहे असं म्हणता येईल, पण ती आपली मुख्य फळी नव्हे. करारच अन्यायकारक आहे, असं म्हणायचं तर कायदा त्यासाठी जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे पाठवतो. छत्रपती संभाजीनगरला त्याचं खंडपीठ आहे, पण १४९ रुपयांसाठी तिथवर जाऊ नका.

तुमचं बळ दुसरीकडे आहे : ते बिल आणि तो पिन.

पिनचं आधी. तुम्ही स्वतः पिन टाकला, म्हणून हा अनधिकृत व्यवहार किंवा सायबर चोरी ठरत नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून किंवा ठाण्यात जाऊन वेळ घालवू नका. पण पिन टाकला म्हणजे समजून संमती दिली, असंही होत नाही. खोटं सांगून संमती मिळवली असेल तर भारतीय करार अधिनियम १८७२ ची कलमं १८ आणि १९ वाचावी लागतात. तो करार तुम्हाला रद्द ठरवून घेता येतो. याच कलम १९ मध्ये एक पळवाट आहे आणि समोरचा तीच धरणार : साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं ना? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशी आपोआप कपात होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि त्याच वेळी नको म्हणायची सोय दिली पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातींना दर वेळी पिन लागत नाही, म्हणून तर ही पूर्वसूचना महत्त्वाची. तर बँकेला लेखी अर्ज द्या : मँडेट, म्हणजे आपोआप कपातीची परवानगी, कोणत्या तारखेला, कोणाच्या नावे, कमाल किती रकमेचं नोंदलं गेलं आणि पंधरा वेळा पूर्वसूचना कोणत्या नंबरवर गेली. सूचना गेलीच नसेल तर बँकही कचाट्यात येते. तिने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सूचना गेली असेल तर बँकेला सोडा. सगळे मेसेज कर्जाचेच म्हणून आपण कुणीच ते उघडत नाही. पण तुमच्या आणि माझ्या त्या सवयीचा भुर्दंड बँकेवर टाकता येणार नाही.

कंपनीविरुद्धचा चांगला मुद्दा नवा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ॲप किंवा वेबसाइटच्या मांडणीतून ग्राहकाला फसवायच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार दिलेत. त्यांपैकी ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणजे वर्गणीचा सापळा. फुकटच्या योजनेसाठी आधीच आपोआप कपातीची परवानगी घ्यायला लावणं हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वर्गणी रद्द करायची वाट लपवणं किंवा अवघड करणंही. तुमच्या भाच्याचा अर्धा तास इथे पुरावा आहे. कुठल्या पानावरून कुठे गेला, हे त्याच्याकडून आत्ताच लिहून घ्या, दोन महिन्यांनी त्याला आठवणार नाही. प्राधिकरण तुम्हाला पैसे मिळवून देत नाही, ते कंपनीवर कारवाई करतं. पैशासाठी जिल्हा आयोगच.

आणि बिल. दुकानदार म्हणेल, मुलगा बोलला, माझा काय संबंध. पण ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४७) प्रमाणे वस्तू किंवा सेवेबद्दल तोंडी वा लेखी खोटं विधान करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि मुलगा दुकानाच्याच वतीने विकत होता. तुमच्याकडे तर अक्षर आहे. अशा प्रकरणात माझ्याकडे येणारे दहापैकी नऊ जण ‘तो म्हणाला होता’ एवढंच सांगतात. ‘लिहून दे’ म्हणणाऱ्या तुम्ही अपवाद आहात. फक्त ते बिल थर्मल कागदावरचं असणार. त्यावरची छपाई उडते. पेनाचं अक्षर राहील, पण दुकानाचं नाव, तारीख आणि आयएमईआय नंबर जाईल, आणि मग ते अक्षर कोणाचं, कशावर, हे सांगायला काही उरणार नाही. आजच दोन झेरॉक्स काढा. मूळ बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, वहीत ठेवा.

१२८ मधल्या वीस जीबींचं उत्तर लहान आहे : ती फसवणूक नाही. फोन चालवणारी प्रणाली त्याच साठ्यात बसते आणि बहुतेक कंपन्या हे खोक्यावर बारीक अक्षरात छापतात. शिवाय कंपनी हजाराच्या हिशेबाने जीबी मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, त्यामुळे १२८ चे तिथे ११९ दिसतात. हा मुद्दा तक्रारीत घालू नका, बाकीचे मुद्दे त्याने हलके होतात.

आता पावलं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोहोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचं असतं. त्याच ईमेलमध्ये, तक्रार निकाली निघेपर्यंत फायली पुसू नका, असं एक वाक्य घाला. पाळतील याची हमी नाही, पण पुढे ते उपयोगी पडेल. दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, वकिलाची असलीच पाहिजे असं नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. छोट्या रकमा पुष्कळदा तिथेच परत मिळतात, कारण कंपन्यांना २,२३५ रुपयांसाठी परभणीला वकील पाठवणं परवडत नाही.

नाहीच मिळाले तर परभणीचं जिल्हा आयोग. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. कंपनी म्हणेल, आमच्या अटींत परदेशातलं न्यायालय किंवा लवाद लिहिलाय. कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सांगितलं आहे. वर्गणीच्या पावतीवर ज्या कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर आहे तिला सामनेवाला करा, दुकानदाराला दुसरा.

आणखी एक आक्षेप येईल : फोन शाळेच्या कामाला वापरता. झेंडावंदनाचे, म्हणजे १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारीचे फोटो, पोषण आहाराचे फोटो, प्रशिक्षणाच्या पीडीएफ, हे सगळं तीन तीन ग्रुपवर येतं आणि तुमची जागा खातं, हे मला माझ्या बायकोच्या फोनवरून ठाऊक आहे. तीही शिक्षिकाच. पण शाळेचं काम म्हणजे व्यापारी हेतू नव्हे, त्याने तुमचं ग्राहकपण जात नाही.

मागायचं काय? कापलेले २,२३५ रुपये व्याजासह, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल मिळून दहा-पंधरा हजार, आणि दुकानदाराकडून ‘लाइफटाइम’ या शब्दाची किंमत म्हणून एखाद्या ठरावीक काळाची वर्गणी, समजा तीन वर्षांची. पाच लाख मागू नका. मोठा आकडा बघून आयोग प्रभावित होत नाही, उलट तक्रारदाराकडे जरा वेगळ्या नजरेने बघतं.

मुदतीचं शेवटी सांगतो, पण ती आधी मोजा. कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. कंपनीपुरता तुमचा काळ पहिल्या कपातीपासून, म्हणजे जानेवारीपासून, मोजता येईल. दुकानदार मात्र म्हणणार की विधान केलं ते फोन विकला त्या दिवशी. तुम्हाला खोटेपणा मार्चमध्ये कळला, हे आपण मांडू, पण त्यावर वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. बिलावरच्या तारखेला दोन वर्षं व्हायच्या आत, म्हणजे येत्या दसऱ्याच्या आधी, तक्रार दाखल झालेली हवी. शाळेची सहामाही परीक्षा त्याच सुमारास येते, तेव्हा श्रावणातच परभणीला एक चक्कर मारा. येताना बिल, पासबुक आणि भाच्याला घेऊन या.