भाड्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर आपलाच धरा

दादा, तुम्ही विचारलंय की एसटीच्या आगारात भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, ड्रायव्हर कंपनीचा, कंडक्टर आपला. उद्या संप झाला तर त्या ड्रायव्हरला सोबत घ्यायचं की लांब ठेवायचं? सोबत घ्या. संपाची वाटही बघू नका.

मी लातूरकडे २६ वर्षं कंडक्टरकी केली. २०१७ मध्ये शिवशाही ही एसटीची एसी गाडी आली तेव्हा भाड्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरशी आम्ही धड बोलतही नव्हतो. मुक्कामाला त्याला खाटसुद्धा मिळू द्यायचो नाही. त्याचा पगार विचारायचंही कुणाला सुचलं नाही. कंपनीला पैसे किलोमीटरमागे मिळतात, गाडी भरून जावो की रिकामी. मग वाचवायचं कुठं? ड्रायव्हरच्या पगारात. आणि तो जितका स्वस्त, तितकं आपल्याला ‘तुम्ही महाग पडता’ म्हणणं सोपं.

२०२१ च्या संपात आम्ही संघटनांचे झेंडे बाजूला ठेवले आणि एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणासाठी जवळजवळ साडेपाच महिने बसलो. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाच्या मुदतीत कामावर परतलो, विलीनीकरणाविना. मार्केट यार्डातल्या हमालांनी ज्वारीची दोन पोती आणून टाकली होती, ती जन्मभर विसरणार नाही. पण मुक्कामी गाडी बंद पडलेल्या एकाही गावात आम्ही गेलो नाही. दहावीच्या मुली पास घरी ठेवून, पैसे मोजून काळीपिवळीत कोंबून जात होत्या. त्यांच्या बापांनी आम्हाला शिव्या दिल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये संघटना कृती समितीत एकत्र आल्या आणि दोन दिवसांत मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ पदरात पडली. निवडणूक तोंडावर होती, हेही खरं. पण एकी नसती तर निवडणुकीचा उपयोग झाला नसता.

तेव्हा मागणीपत्रात कंपनीच्या ड्रायव्हरचा पगार, ड्युटीचे तास आणि पीएफ पहिल्या पानावर घाला, शेवटच्या नको. गावागावांत ग्रामसभेला जा. म्हाताऱ्यांना आठवण द्या की आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथं सरकारी बस १९३२ मध्येच सुरू झाली. पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती त्यानंतर, १९४८ ला.

आणि पहिली द्वारसभा गेटवर नको, चार्जिंगच्या जागी घ्या. गाडी चार्जिंगला लागली की ते ड्रायव्हर तिथंच बसून असतात. चहा आपल्या वर्गणीतून पाजा.