संदर्भग्रंथांच्या यादीचा विद्यार्थ्यांच्या समाधानावर खरंच परिणाम होतो का? आमच्या स्वायत्त महाविद्यालयात नवी यादी करायची आहे.

होतो, पण यादी लांबलचक असल्याने नाही. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. यादीचं पुढे काय होतं ते देवघेवीच्या काउंटरवर बसून रोज दिसतं.

टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) अर्थशास्त्राच्या एका पेपरला ३४ पुस्तकं दिली होती. वर्गात ८० मुलं. त्यातली आमच्याकडे नऊ, तीही बहुतेक एकेक प्रत. एक मुलगी यादीची झेरॉक्स घेऊन आली आणि काउंटरवर उभी राहून नावांपुढे फुल्या मारत गेली. शेवटी हाती लागलं त्या पुस्तकात नियोजन आयोगाचा कारभार अजून जोरात चालू होता. त्याच्या जागी नीती आयोग येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती (१ जानेवारी २०१५). दुसऱ्या दिवशी तिने गाईड घेतलं, आणि वर्षभर ग्रंथालयात फिरकली नाही. तिला काय बोलणार?

पुढच्या जूनमध्ये त्या विषयाच्या सरांना घेऊन बसले. 'यादी विद्यापीठाची, आपल्या हातात काय आहे?' असं आधी झालंच. यादीला हात लावला नाही. फक्त 'आधी हे वाचा' म्हणून चार पुस्तकं वेगळी काढली, त्यातली दोन मराठी. प्रत्येकापुढे प्रकरण, पानं आणि कोणत्या कपाटात आहे ते लिहिलं. पाच-पाच प्रती मागवल्या, एकेक वाचनकक्षातच ठेवली. मग काही मुलं 'मॅडम, तिसरं प्रकरण झालं, आता कुठलं?' असं विचारत यायला लागली. दहा-बाराच, बाकीचे गाईडवरच राहिले. पण आधी एकही येत नव्हतं.

नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) मुलांकडून जी समाधानाची प्रश्नावली भरून घेतली, तिच्यात पहिलाच प्रश्न वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवला हा. ग्रंथालयाबद्दल वेगळा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं राष्ट्रीय सर्वेक्षण २००५पासून होतं, त्यात ग्रंथालयाची अभ्यासाला कितपत मदत झाली हे थेट विचारतात. आपल्याकडे ही चिडचिड शेवटच्या सूचनांच्या रकान्यात उतरते: 'पुस्तके मिळत नाहीत.'

तुमची यादी अभ्यास मंडळापुढे (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीपुढे) जाण्याआधी ग्रंथपालांना दाखवा. कुठलं पुस्तक आता छापत नाहीत, कशाची मराठी आवृत्ती आहे, हे ते अर्ध्या तासात सांगतील. आणि हे जानेवारीतच उरका. मार्च उलटला की खरेदीचे पैसे परत जातात.