मुलगा १३ वर्षांचा, वर्गातल्या मुली त्याच्याहून उंच

तुमचा मुलगा गेल्या वर्षभरात साडेचार सेंमीच वाढला, म्हणून उंचीची पावडर सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. आधी एक बघा: तो वयात यायला लागलाय का?

शाळेत जायला लागल्यापासून वयात येईपर्यंत मुलं-मुली दोघंही वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतात. वयात येण्याच्या अगदी तोंडावर हा वेग थोडा मंदावतो. मग मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण ११-१२व्या वर्षी, तीही पाळी सुरू व्हायच्या आधी. पाळीनंतर बहुधा ५-७ सेंमीच उरतात. मुलांचा हा टप्पा दोनेक वर्षं उशिरा, १३-१४च्या आसपास येतो, आणि त्या वर्षी ९-१० सेंमी वाढ होऊ शकते. त्यामुळे सातवी-आठवीत मुली उंच दिसणारच. पुढे पुरुष सरासरी १३ सेंमी उंच ठरतात, ते बरंचसं या जादा मिळालेल्या दोन वर्षांमुळे.

आईवडिलांच्या उंचीवरून मुलाच्या मोठेपणीच्या उंचीचा अंदाज काढता येतो. दोघांच्या सेंमीतल्या उंचीची बेरीज करा, मुलासाठी १३ मिळवा (मुलीसाठी वजा करा) आणि दोनाने भागा. वडील १७०, आई १५६ असतील तर मुलगा १६९.५. यात ८ सेंमी इकडेतिकडे धरून चाला.

आता मोजमाप. निम्मे घोटाळे इथेच होतात. बूट-मोजे काढून टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकवा, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात दाबून धरा आणि त्याच्या खालच्या कडेशी खूण करा. मोजायची वेळ दर खेपेला तीच ठेवा. संध्याकाळपर्यंत मणका दबून उंची सेंटीमीटरभर कमी भरते. दर महिन्याला मोजू नका, सहा महिन्यांनी मोजा.

पावडरीने किंवा लोंबकळण्याने हाडं लांब होत नाहीत. पोटभर चौरस आहार आणि झोप पुरेशी.

मात्र वर्षाची वाढ ४ सेंमीहून कमी असेल, ग्रोथ चार्टवरची (वयानुसार उंची नोंदवायच्या तक्त्यावरची) रेघ खाली घसरत असेल, किंवा १४ पूर्ण होऊनही (मुलीत १३) वयात येण्याची काहीच खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उलटही तितकंच खरं: मुलीत ८च्या आणि मुलात ९च्या आधी खुणा दिसल्या तर थांबू नका. अशी मुलं आधी उंच दिसतात, पण ग्रोथ प्लेट (हाडांच्या टोकाजवळचा, जिथून हाड लांब होतं तो भाग) लवकर बंद होऊन शेवटी बुटकी राहू शकतात. डॉक्टर बहुतेक डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय (हाडं कितव्या वर्षाइतकी पक्व झालीत ते) बघतील, थायरॉइडही तपासतील. १३ वर्षांच्या मुलाच्या हाडांचं वय ११ निघालं आणि बाकी सगळं ठीक असलं, तर त्याची वाढ नुसती उशिरा सुरू होतेय. वाढायला त्याला अजून वेळ आहे.