पोपने खरंच आयर्लंड इंग्लंडच्या राजाला देऊन टाकलं होतं का?

हो, परवानगी दिली होती, पण सातबारा नावावर करून दिला असं काही नव्हतं. 1155 मध्ये पोप एड्रियन चौथा (आजवरचा एकमेव इंग्रज पोप, योगायोग बघा) याने इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याला तिकडच्या चर्चची घडी नीट बसवायला आयर्लंडमध्ये जायची मुभा दिली, सोबत पाचूची अंगठी पाठवली आणि बदल्यात घरटी वर्षाला एक पेनी रोमला द्यायची असं ठरलं. हेन्री तिथे प्रत्यक्ष उतरला 1171 मध्ये, तेही मुख्यतः आपलेच नॉर्मन सरदार तिकडे डोईजड होतील या भीतीने. पुढच्या वर्षी पोप अलेक्झांडर तिसरा यानेही पत्रं लिहून त्यालाच पाठिंबा दिला. अंगठीचं स्वतः पोपला भेटून आलेल्या जॉन ऑफ सॅलिस्बरी या इंग्रज लेखकाने लिहून ठेवलंय. फक्त एक आहे, मूळ फर्मान आज कुठेच नाही, मजकूर जेराल्ड ऑफ वेल्समुळे कळतो आणि तो राजाच्या बाजूचा माणूस, त्यामुळे शब्द न शब्द खरा धरू नका. तरी 1317 मध्ये आयरिश सरदारांनी पोपकडे तक्रार केली तेव्हा हेच फर्मान पुढे केलं, की बघा, यातल्या अटी इंग्रजांनीच मोडल्यात!