ठाण्यात संस्थेची स्वतःची इमारत बांधायची आहे. आर्किटेक्ट कसा निवडावा आणि खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय की प्रौढ विशेष मुलांची कार्यशाळा सध्या भाड्याच्या दोन गाळ्यांत चालते, एका दात्याने शिळफाट्याजवळची जमीन देऊ केली आहे आणि विश्वस्तांना तीन मजली इमारत हवी आहे. आर्किटेक्ट सगळ्यात शेवटी शोधा. आधी हे ठरवा, इमारत उभी राहिल्यावर वॉचमनचा पगार कोण देणार?

हाच प्रश्न मी एका इमारत समितीत विचारला होता आणि त्यावरून झालेला वाद माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून एवढं लांब लिहितेय. मी बिलिंग इंजिनिअर आहे, म्हणजे बांधकामाची मोजमापं आणि बिलं बघते. माझा धाकटा भाऊ नवी मुंबईतल्या एका कार्यशाळेत जातो. कागदी पिशव्या, फायली, दिवाळीत पणत्या रंगवणं, असं काम. त्या संस्थेला भूखंड मिळाला तेव्हा घरचीच इंजिनिअर म्हणून मला समितीत घेतलं.

मी पहिल्याच बैठकीला बांधकामाचं नाही, इमारत चालवण्याचं अंदाजपत्रक नेलं. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार. आगीच्या यंत्रणेची तपासणी, कारण महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. पाण्याचा पंप, वीजबिल, दोन पाळ्यांचा वॉचमन, सफाई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. मागणी एवढीच होती की इमारतीसाठी जमणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतले पंधरा कायम निधीत टाकायचे आणि त्यांना बांधकामासाठी हात लावायचा नाही. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आधी वास्तू उभी राहू दे. वास्तू दिसली की लोक आपणहून देतात."

लोक भिंतींना देतात, कारण भिंतीवर नावाची पाटी लागते. लिफ्टच्या करारावर आपल्या आईवडिलांचं नाव घाला असं म्हणणारा दाता मला आजवर भेटलेला नाही.

पुढचा वाद तळमजल्याचा. मोठ्या देणगीदाराला तळमजल्यावर सभागृह हवं होतं. म्हणजे कार्यशाळा दुसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाच जिन्यावर का पाठवताय? "लिफ्ट आहे ना." मी विरोधात मत दिलं आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

लिफ्टची वॉरंटी संपली, कराराला पैसे नव्हते, लिफ्ट बंद पडली. व्हीलचेअरवरची दोन मुलं घरी बसली. माझ्या भावाला जिन्याची भीती वाटते. दोन्ही हातांनी कठडा धरून तो एकेक पायरी चढायचा, मागे सगळी रांग खोळंबायची आणि मावशी त्याची समजूत काढत राहायच्या. सभागृहाच्या भाड्यातून खर्च निघेल असा हिशोब होता. पण भूखंड सामाजिक वापरासाठी दिलेला. लग्नं लावायला सुरुवात केल्यावर शेजारच्या सोसायट्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, त्या भागाची मालमत्ता करातली धर्मादाय सूटही गेली. सभागृह आठवड्यातले बरेच दिवस कुलपात. आणि वर दुसऱ्या मजल्यावर मुलं जागा नाही म्हणून पाळीपाळीने टेबलाशी बसतात. माझा त्यावरचा राग गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

नंतर कळव्यातल्या एका छोट्या संस्थेने विचारलं तेव्हा मी त्यांना बांधूच दिलं नाही. तळमजल्याची एकच जागा, पाच वर्षांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, सकाळी त्यांची कार्यशाळा, संध्याकाळी दुसऱ्या संस्थेची मुलींची अभ्यासिका. भाडं, वीज, सफाई निम्मी निम्मी. उरलेल्या पैशांत एक जादा शिक्षिका ठेवली. या कामाचा मला त्या इमारतीपेक्षा कितीतरी जास्त अभिमान आहे. बहुतेक छोट्या संस्थांना इमारत लागत नाही, तळमजल्यावरची खात्रीची जागा लागते.

तरी बांधायचंच असेल तर आधी जमीन बघा. सातबारा आणि विकास आराखड्यातला झोन दाखला दोन्ही काढा. जमीन शेतीची आणि झोनही हरित असेल तर बिगरशेतकरी संस्थेला ती बक्षीसपत्रानेही सरळ घेता येत नाही. कूळकायद्याच्या कलम 63 खाली परवानगी लागते. जमिनीवर रस्ता, बाग असं सार्वजनिक कामाचं आरक्षण आहे का तेही झोन दाखल्यात कळेल. जमीन नावावर झाली की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा, म्हणजे ट्रस्टच्या मालमत्तेत झालेला बदल कळवायचा. विश्वस्तांना कर्ज काढायचं असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36अ प्रमाणे आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी, आणि उद्या जमीन विकायची किंवा 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम 36 खाली त्यांचीच मंजुरी. नवी मुंबईत सिडकोकडून भूखंड घेतलात तर तो 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो आणि मुदतीत बांधलं नाही तर जादा अधिमूल्य, म्हणजे उशिराची रक्कम, भरावं लागतं, हे दात्यांना आधीच सांगा.

सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीवर, फार विसंबू नका. कंपनीला अनेक वर्षं चालणारा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून 3 वर्षांत संपवावा लागतो, आणि तुमचं बांधकाम परवानगीतच अडकलं तर त्यांचे हात बांधलेले असतात.

खर्चाचा चौरस फुटाचा दर मी देणार नाही. माती परीक्षणाआधी दिलेला दर म्हणजे अंदाजपंचे. डोंगराच्या पायथ्याशी खडक लवकर लागतो, खाडीकडे मऊ गाळ निघून पाइलिंग करावं लागतं, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालावे लागतात, आणि पैसा जमिनीखालीच संपतो. कंत्राटदाराच्या बिलावर 18 टक्के जीएसटी असतो आणि तुम्हाला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, हा आकडा विश्वस्तांच्या अंदाजपत्रकात हमखास सुटलेला असतो.

आर्किटेक्टला रॅम्पबद्दल विचारा. 1:12 चा उतार म्हणजे जोतं दोन फूट असेल तर चोवीस फूट लांब रॅम्प, शिवाय मधला थांबा आणि वळायला जागा. पहिल्या भेटीत त्याने स्वतःहून हे काढलं नाही तर दुसरा शोधा. त्याने बांधलेल्या एखाद्या संस्थेत जाऊन तिथल्या सफाईच्या बाईंशी बोला, अध्यक्षांशी नको.

एक सांगायचं राहिलं. माझा अनुभव दिवसाच्या कार्यशाळेचा आहे. निवासी वसतिगृहाचं गणित वेगळं. आणि मालक तुम्हाला दर अकरा महिन्यांनी हलवत असेल तर स्वतःची जागा हवी वाटणं बरोबरच आहे, जागा बदलली की ही मुलं किती बिथरतात ते मी घरी पाहिलंय.

दात्याला जमिनीसोबत पाच वर्षांच्या लिफ्टचे आणि वॉचमनचे पैसे मागा, आणि कार्यशाळा तळमजल्यावरच राहील असा ठराव नकाशा काढण्याआधी करून घ्या. "आधी वास्तू उभी राहू दे" म्हणणारे विश्वस्त तुमच्याकडेही निघतील. तेव्हा गप्प बसू नका, विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या.