रोज सकाळी दालचिनीचं पाणी प्यायलं तर बाहेरच्या तेलकट खाण्यापासून हृदय वाचेल का?

आठवड्यातले चार दिवस वडापाव नाहीतर मिसळ, आणि त्यावर उतारा म्हणून दालचिनीचं पाणी, असा तुमचा बेत दिसतोय. तो काही जमायचा नाही.

अर्थात हे खूळ अगदीच हवेतून आलेलं नाही. 2017 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका परिषदेत उंदरांवरचा प्रयोग मांडला गेला होता. भरपूर चरबीच्या खाण्यासोबत 12 आठवडे दालचिनी दिलेल्या उंदरांचं वजन आणि पोटाची चरबी कमी भरली, रक्तातली साखरही बरी निघाली. त्याआधी 2003 मध्ये पाकिस्तानात मधुमेहाच्या 60 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात 40 दिवसांत साखर आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरलं होतं. पुढच्या चाचण्यांत मात्र असा फरक दर वेळी दिसला नाही. शिवाय वरच्या दोन्ही अभ्यासांत मोजले ते वजन, चरबी नाहीतर रक्तातले आकडे, हार्ट अटॅक नव्हे.

माझ्या मामांची अँजिओप्लास्टी झालेली. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून मध-दालचिनी सुरू केली आणि कोलेस्टेरॉलची गोळी कुणाला न सांगता बंद केली. 'नैसर्गिक आहे रे, अपाय काय होणार?' तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीचा, कागद बघून मामींनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि अपाय होतो. आपल्या वाण्याकडे बहुतेक वेळा जी जाड, कडक, खलबत्त्यातही लवकर न फुटणारी साल मिळते ती कॅसिया. तिच्यात कुमारीन नावाचं रसायन असतं, ते जास्त झालं तर काहींच्या यकृताला बाधतं. युरोपात त्याची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम धरतात. 60 किलोच्या माणसाला साधारण 2 ग्रॅम कॅसियातच ती गाठली जाते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा जास्तच. सिलोनची दालचिनी वेगळी: कागदासारखे पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, चिमटीत धरले की चुरा. तिच्यात कुमारीन नावापुरतं. पूड घेतलीत तर दोन्हींतला फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून सालच घ्या.

चव आवडत असेल तर चहात एखादा तुकडा खुशाल टाका. रक्त पातळ करणारी गोळी, विशेषतः वॉर्फरिन, चालू असेल तर मात्र रोजचा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.