मोझांबिकच्या झेंड्यावर एके-४७ का आहे? आणि देश स्वतंत्र होऊन इतकी वर्षं झाली तरी ती काढली का नाही?

झेंड्यावर ती बंदूक एकटी नाही, आणि खरं उत्तर तिथेच दडलंय. झेंड्याचं चित्र मोठं करून बघा. डावीकडे लाल त्रिकोण आहे. त्यात पिवळी पाच टोकांची चांदणी, तिच्यावर उघडं पांढरं पुस्तक, आणि पुस्तकावर एकमेकांना छेद देणारी दोन हत्यारं. एक संगीन लावलेली कलाश्निकोव, म्हणजेच एके-४७, दुसरी कुदळ. ही कुदळ आपल्या खोदकामाच्या कुदळीसारखी टोकदार नाही. तिचं पातं रुंद असतं. पोर्तुगीजमध्ये तिला ‘एन्शाडा’ म्हणतात आणि तिकडची बरीचशी शेती आजही तिच्यावरच चालते.

पुस्तक, कुदळ, बंदूक. फ्रेलिमो या मुक्ती आघाडीची घोषणाच होती: शिका, पिकवा, लढा. झेंडा म्हणजे त्या घोषणेचं चित्र आहे.

या तीन शब्दांमागे प्रत्यक्ष व्यवहार होता. १९६० च्या आसपास ब्रिटन आणि फ्रान्स आफ्रिकेतून निघायला लागले, पण पोर्तुगालच्या सालाझार राजवटीने वसाहती सोडायला साफ नकार दिला. त्यांच्या लेखी मोझांबिक ही वसाहत नव्हतीच, तो पोर्तुगालचाच ‘सागरापलीकडचा प्रांत’ होता. (गोव्याबद्दलही त्यांचा हाच दावा होता.) २५ जून १९६२ रोजी आजच्या टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये तीन संघटना एकत्र येऊन फ्रेलिमो उभी राहिली आणि २५ सप्टेंबर १९६४ ला उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतातून सशस्त्र लढा सुरू झाला. जो भाग हाती येई, तिथे शाळा काढायच्या, सामुदायिक शेती करायची आणि तोच भाग राखायचा. लढणाऱ्याने शेतात राबायचं, शेतकऱ्याने अक्षरं गिरवायची. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा ते पुस्तक शोभेसाठी काढलेलं नाही हे लक्षात येईल.

मग बंदूक कलाश्निकोवच का? कारण लढवय्यांच्या हातात तीच होती. सोव्हिएत संघ आणि चीनकडून आलेली शस्त्रं टांझानियामार्गे सरहद्दीवरची रोवुमा नदी ओलांडून आत जात, आणि त्यातला बराच माल माणसं, त्यातही पुष्कळ बायका, डोक्यावरून वाहून नेत. इथे वजनाचा हिशेब समजून घ्यायला हवा. एके-४७ ची एक गोळी काडतुसासकट साधारण १६ ग्रॅमची. समोरच्या पोर्तुगीज सैन्याकडे जी-३ रायफल होती, तिची गोळी साधारण २४ ग्रॅमची. शंभर गोळ्यांमागे पाऊण किलोहून थोडा जास्तच फरक पडतो, आणि पायी वाहतुकीत तो फार मोठा असतो. शिवाय एके-४७ चे हलते भाग सैलसर बसवलेले असतात, नळी आतून क्रोमचा मुलामा दिलेली असते, आणि साफ करायला ती हत्याराशिवाय उघडता येते. दमट जंगलात, चिखलात, जेमतेम प्रशिक्षण झालेल्या माणसाच्या हातातही ती सहसा अडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आजचा झेंडा स्वातंत्र्याच्या दिवशी फडकलेला झेंडा नाही. २५ जून १९७५ ला वर गेलेल्या झेंड्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघणारे तिरपे पट्टे होते आणि त्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह होतं. चाकाच्या आत पुस्तक, कुदळ आणि बंदूक होतीच. आजचा नमुना १ मे १९८३ पासूनचा. हिरवा, काळा, पिवळा असे आडवे पट्टे, मध्ये पांढऱ्या बारीक रेषा आणि डावीकडे लाल त्रिकोण. ही सगळी मांडणी फ्रेलिमोच्या पक्षध्वजाची आहे. म्हणजे पक्षाच्या झेंड्यावर चांदणी, पुस्तक आणि ती दोन हत्यारं बसवली आणि तो देशाचा झाला. तेव्हा एकच पक्ष होता, त्यामुळे हे कुणाला खटकायचा प्रश्नच नव्हता.

खटकायला लागलं ते नंतर. रेनामो ही बंडखोर संघटना आधी ऱ्होडेशियाच्या (आजचा झिंबाब्वे) आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या पाठबळावर उभी राहिली. १९७७ ते १९९२ या यादवीत सुमारे दहा लाख माणसं गेली, बरीचशी भुकेने आणि आजाराने. १९९० च्या घटनेने बहुपक्षीय पद्धत आणली, देशाच्या नावातलं ‘जनता प्रजासत्ताक’मधलं ‘जनता’ गेलं, आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये शांतता करार झाला. राजचिन्हाच्या फितीवरचं नाव तेवढं बदललं, चित्रातली बंदूक तशीच राहिली. राष्ट्रगीतात मात्र थेट फ्रेलिमोचा जयजयकार होता, ते २००२ मध्ये बदललं. रेनामोचं म्हणणं सरळ होतं: गीत बदललं, तर झेंडाही बदला.

२००५ मध्ये नव्या झेंड्यासाठी आणि राजचिन्हासाठी स्पर्धा झाली, शंभराहून जास्त नमुने आले, पण पुढे काहीच झालं नाही. का, ते आकड्यांत बघा. झेंड्याचं वर्णन घटनेतच दिलेलं आहे, म्हणून तो बदलायला घटनादुरुस्ती लागते, आणि तिला संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात. २५० जागांच्या संसदेत म्हणजे १६७. २००४ च्या निवडणुकीत फ्रेलिमोला १६० आणि रेनामोला ९० जागा होत्या. फ्रेलिमोने नको म्हटल्यावर विषय तिथेच संपतो. माझ्या मते हा वाद बंदुकीपेक्षा पक्षाचा आहे. बंदूक काढली तरी ते पट्टे फ्रेलिमोचेच उरतात, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे.

या विषयावर काही चुकीच्या गोष्टी सतत फिरत असतात. ‘बंदूक असलेला जगातला एकमेव झेंडा’ हे खरं नाही. ग्वाटेमालाच्या झेंड्यावर जुन्या रेमिंग्टन रायफली आहेत, हैतीच्या झेंड्यावर तोफा आणि संगिनी लावलेल्या बंदुका आहेत. आधुनिक असॉल्ट रायफल असलेला राष्ट्रध्वज मात्र हा एकच. झिंबाब्वे आणि पूर्व तिमोर यांच्याकडेही कलाश्निकोव आहे, पण ती राजचिन्हावर. दुसरं, घटनेत ‘एके-४७’ हा शब्द नाही. तिथे नुसतं ‘शस्त्र’ म्हटलंय, आणि पुस्तक, कुदळ, शस्त्र म्हणजे अभ्यास, उत्पादन आणि संरक्षण असा अर्थ दिलाय. मूळ घोषणेतल्या ‘लढा’चं घटनेत ‘संरक्षण’ झालं, हा बदल मला फार बोलका वाटतो. तिसरं, चांदणी मार्क्सवादाची असं सगळीकडे लिहितात. फ्रेलिमो १९७७ ते १९८९ अधिकृतपणे मार्क्सवादी-लेनिनवादी होती हे खरं, पण घटनेतला अर्थ आहे आंतरराष्ट्रीय ऐक्यभाव.

मराठी वाचकांसाठी एक धागा. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे. आणि त्या तीन चिन्हांपैकी पुस्तकाच्या बाजूला एक गोवेकर ठळकपणे उभा होता: आकिनो द ब्रागांसा. गोव्यात जन्म, फ्रेलिमोचे जुने साथी, राजधानी मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातल्या आफ्रिकी अभ्यास केंद्राचे प्रमुख. १९८२ मध्ये तिथे पाकिटातून आलेल्या बॉम्बने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट यांचा बळी घेतला, तेव्हा तेही जखमी झाले. १९ ऑक्टोबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेत म्बुझिनीच्या टेकड्यांवर कोसळलं. मेलेल्या ३४ जणांत ब्रागांसाही होते. मोझांबिकच्या इतिहासात गोव्याचं हे नाव आपल्याकडे जवळपास कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

झेंड्यावरच्या बंदूक-कुदळीचा प्रत्यक्षात काय संबंध आला, तेही सांगतो. यादवी संपल्यावर गावोगाव शस्त्रं पुरलेली होती. १९९५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेने बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने एक योजना काढली. तिचं नावच होतं ‘शस्त्रांचं कुदळींत रूपांतर’. बंदूक आणून द्या आणि कुदळ, सायकल किंवा शिलाई मशीन घेऊन जा. जमा झालेली शस्त्रं निकामी करून, कापून मापुतोच्या कलाकारांना दिली जात. केस्टर या कलाकाराने २००१ मध्ये त्यांतून एक खुर्ची जोडली, ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे हात कलाश्निकोवचे. पाठीच्या वरच्या बाजूला जी-३ चे दोन दस्ते उभे बसवलेत. दस्त्यांवर स्क्रूची दोन भोकं आणि खाली पट्ट्याची खाच आहे, त्यामुळे ते दोन डोळे आणि तोंड असलेल्या हसऱ्या चेहऱ्यांसारखे दिसतात. केस्टरने ते कोरलेले नाहीत. कारखान्यातून ते तसेच आले होते.